पाण्यात एडीए १३.४ आला, सीबीनॅट मात्र निगेटिव्ह

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, वाळूजला कंपनीत कामाला आहे. दिवाळीनंतर त्याला बारीक ताप येऊ लागला, डोकं दुखायचं, जेवण जाईना. टायफॉइड असेल म्हणून औषधं झाली. तीन आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या आणि एका रात्री तो काहीबाही बोलायला लागला, तेव्हा ॲडमिट केलं. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. रिपोर्टमध्ये पेशी १८०, त्यात लिम्फोसाइट ८५ टक्के, प्रोटीन १६८, साखर ३२ (त्याच वेळी रक्तातली ११८), एडीए १३.४ आणि एलडीएच ६४ असं आहे. शेवटच्या दोन्हींपुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलंय. सीबीनॅटमध्ये टीबीचा जंतू सापडला नाही. तरीही टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू केलं. आता तो घरी आहे, ताप उतरलाय, नीट बोलतो. पण गोळ्यांनी मळमळतं म्हणून परवापासून त्याने त्या घेतल्याच नाहीत. मामा म्हणतात, टीबी निघालाच नाही तर वर्षभर गोळ्या कशाला? त्यांच्या ओळखीचा लॅबवाला सांगतो की एडीए चाळीसच्या आत नॉर्मलच असतो. चुलतभावाने मोबाइलवर वाचलं की एडीएचा आजार जन्मापासूनचा असतो. आई म्हणते, पाणी काढल्यापासूनच त्याची कंबर गेली. एडीए किती खाली आला म्हणजे तो बरा झाला असं समजायचं? पुन्हा पाणी काढायला न्यायचं का? घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे, तिला काही होईल का?
– एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर

ताई, रिपोर्टबद्दल नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य एडीएचं नाही, ‘परवापासून गोळ्या घेतल्याच नाहीत’ हे आहे. हे वाचून झालं की आजच्या आज उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, शक्य असेल तर भावाला घेऊन जा. मळमळीची कारणं तीन असू शकतात आणि घरी बसून ती वेगळी ओळखता येत नाहीत. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्या नुसत्याच पोटाला लागल्या असतील. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात, त्यामुळे यकृताला सूज आलेली असू शकते. ते रक्त तपासूनच कळतं. तिसरं कारण मेंदूतला दाब वाढणं, आणि त्यात वेळ घालवून चालत नाही. उलटीबरोबर डोकं जास्त दुखत असेल, तो गुंगीत राहत असेल, एकाचे दोन दिसत असतील, झटका आला असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर फोनवर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठा. लघवी नारिंगी होत असेल तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. त्याने स्टेरॉइडही सोडलंय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते एकदम बंद करायचं औषध नाही, काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत आणायचं असतं. गोळ्या लगेच सुरू करायच्या, की यकृताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं, की एखादी बदलायची, हे ज्यांनी त्याला तपासलंय त्यांनीच ठरवायचं. मामांनी नाही, त्याने स्वतःही नाही आणि मीही नाही.

आता रिपोर्ट. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे.

एडीए म्हणजे ॲडिनोसिन डीअमिनेज. हे एक एन्झाइम, म्हणजे पेशींच्या आत काम करणारं प्रथिन. ते ॲडिनोसिन नावाच्या रेणूतून अमोनिया काढून टाकतं आणि त्याचं इनोसिन करतं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीला ते लागतं, पण सर्वांत जास्त लागतं ते लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींना, विशेषतः त्या लढायला उठून भराभर वाढत असताना. क्षयाच्या जंतूशी शरीर लढतं ते प्रामुख्याने याच पेशींच्या आणि मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, जोरावर. म्हणून क्षय जिथे असेल तिथल्या पाण्यात एडीए वाढतो. छातीत पाणी झालं तर त्या पाण्यात, पोटात झालं तर तिथे, आणि मेंदूच्या आवरणांना क्षयाची सूज आली तर पाठीतून काढलेल्या पाण्यात.

यातली मेख ध्यानात घ्या. एडीए हा टीबीच्या जंतूचा पदार्थ नाही. तो तुमच्या भावाच्याच पेशींचा आहे. म्हणजे ही तपासणी चोर पकडत नाही, गावातली कुत्री किती जोरात भुंकताहेत तेवढं मोजते. भुंकणं खरं असतं, पण चोर कोण हे त्यावरून ठरत नाही.

त्यामुळे एडीए इतर आजारांतही चढतो. पू करणाऱ्या जंतूंच्या मेंदूज्वरात चढतो, आणि कधी कधी टीबीपेक्षाही जास्त. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीने, जनावरांकडून येणाऱ्या ब्रुसेला जंतूने, मेंदूच्या आवरणात पसरलेल्या लिम्फोमाने (लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरने) चढतो. मेंदूभोवती रक्तस्राव झाला किंवा सुई घालताना पाण्यात रक्त मिसळलं तरी आकडा फुगू शकतो, कारण तांबड्या पेशींतही हे एन्झाइम असतं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तर ढोबळमानाने असं दिसतं की क्षयाचा मेंदूज्वर असलेल्या शंभरांपैकी ऐंशीच्या आसपास लोकांत ही तपासणी चढलेली सापडते, आणि तो नसलेल्या शंभरांपैकी नव्वदच्या आसपास लोकांत ती चढलेली नसते. म्हणजे चांगली साक्ष आहे, पण एकट्या तिच्यावर निकाल देता येत नाही.

तुमच्या मामांच्या ओळखीचे लॅबवाले खोटं बोलत नाहीत, पण ते दुसऱ्या पाण्याचा आकडा सांगताहेत. ४० ही सीमा छातीतल्या पाण्यासाठी वापरतात. पाठीतल्या पाण्याला ती लावायची नसते. मेंदूभोवतीचं पाणी मुळात फार निवळ असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पक्की राखण असते, म्हणून त्यात प्रथिनं रक्ताच्या मानाने नगण्य (१५ ते ४५ मिलिग्रॅम) आणि पांढऱ्या पेशी पाचाच्या आत. अशा पाण्यात एडीए १० युनिटच्या वर गेला की बहुतेक ठिकाणी तो वाढलेला धरतात. काही लॅब ८ धरतात, काही आणखी खाली. हा फरक का, असं तुम्ही विचाराल, तर त्याचं कारण मोजण्याच्या रीतीत आहे. जुन्या, अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या रीतीत पाण्याचा थेंब ॲडिनोसिनबरोबर तासभर ३७ अंशांवर ठेवतात आणि सुटलेला अमोनिया निळ्या रंगावरून मोजतात. नव्या किटमध्ये तीच गोष्ट यंत्रावर मिनिटामिनिटाने पाहतात. शिवाय नमुना उन्हात, मोटरसायकलच्या डिकीत फिरून लॅबला पोचला असेल तर त्याचा परिणाम आकड्यावर होतो तो वेगळाच. म्हणून १३.४ आणि ११.९ यांत फरक शोधत बसू नये, आणि एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या सीमेशी कधीच ताडून पाहू नये.

(जाता जाता माझी एक जुनी तक्रार. कॉम्प्युटर रिपोर्टवर ‘हाय’ छापतो तेव्हा त्याला पेशंट माहीत नसतो. नमुना छातीतला की पाठीतला हेही काही ठिकाणी त्याला धड सांगितलेलं नसतं, आणि मग चुकीची सीमा छापून रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर घरी येऊन पडतो, डॉक्टरांनी पाहण्याच्या आधी. घराघरांत त्या एका ठळक अक्षराने रात्रीची झोप उडते.)

एलडीएचबद्दल थोडक्यात. हे एन्झाइम सगळ्याच पेशींत असतं आणि कुठेही पेशी फुटल्या की पाण्यात येतं. काहीतरी बिघडलंय एवढंच ते सांगतं, आणि ते आपल्याला आधीच माहीत आहे. त्याच्यामागे लागू नका.

चुलतभावाने जे वाचलं तेही खरं आहे, फक्त या घरचं नाही. जन्मतः रक्तपेशींत एडीए नसणं हा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात बाळाची प्रतिकारशक्तीच तयार होत नाही. १९९० साली अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर मान्यताप्राप्त जनुकोपचाराचा पहिला प्रयोग झाला तो याच आजारावर. तुमच्या भावात एडीए कमी नाही, जास्त आहे, आणि तोही फक्त त्या पाण्यात. दोन्हींचा काही संबंध नाही.

मग डॉक्टरांनी टीबीचं औषध कशाच्या जोरावर दिलं? एडीए बाजूला ठेवून तुमचंच पत्र पुन्हा वाचा. तीन आठवडे हळूहळू चढत गेलेला आजार. पुवाच्या मेंदूज्वरात माणूस एकदोन दिवसांत आडवा होतो. पाण्यात पेशी १८० आणि त्यातल्या बहुतांश लिम्फोसाइट. पुवाच्या आजारात त्या हजारांत असतात आणि जातही वेगळी असते. प्रोटीन नेहमीच्या कितीतरी पट. आणि साखर. तुमच्या रिपोर्टमधला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा हा आहे, आणि त्याच्यापुढे कुणी ठळक अक्षर छापलेलं नाही. पाठीतल्या पाण्यातली साखर रक्ताच्या साधारण साठ टक्के असायला हवी. रक्तात ११८ असताना पाण्यात सत्तरच्या आसपास दिसली पाहिजे होती, तिथे ३२ आहे. साध्या विषाणूच्या मेंदूज्वरात साखर सहसा इतकी पडत नाही. रक्तातली साखर त्याच वेळी पाहिली, हे त्या डॉक्टरांनी नीट केलेलं काम. नाहीतर नुसत्या ३२ वरून काहीच म्हणता आलं नसतं. एमआरआयचा निष्कर्ष तुम्ही लिहिला नाही. मेंदूच्या तळाशी आवरणं जाड झाल्याचा उल्लेख त्यात असेल तर तोही याच बाजूने बोलतो. या सगळ्यांच्या शेजारी १३.४ ठेवला की त्याला वजन येतं. साखर ७०, पेशी चार आणि एडीए १३.४ असा रिपोर्ट असता तर मी आधी नमुन्यावरच शंका घेतली असती.

सीबीनॅटचं काय? ही तपासणी टीबीच्या जंतूचा डीएनए शोधते, साधारण दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगते. पण फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत जंतूंची रेलचेल असते, तर मेंदूच्या टीबीत पाण्यात ते अगदी मोजके असतात. सगळं नुकसान जंतूंपेक्षा सुजेने होत असतं. चार-पाच थेंबांत एकही जंतू आला नाही तर यंत्र ‘नाही’ म्हणणार. म्हणूनच मोठ्या माणसाचं निदान सहा मिलिलिटर तरी पाणी या तपासणीला द्यावं असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये याच तपासणीची जास्त बारीक आवृत्ती, अल्ट्रा, क्षयाच्या मेंदूज्वरासाठी पहिली तपासणी म्हणून सुचवली. तीही निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. गोव्यातल्या कंपनीने तयार केलेलं ट्रूनॅट यंत्र आता तालुक्यातालुक्यात पोचलंय, त्यालाही हेच लागू. सापडला तर टीबी आहे. सापडला नाही तर प्रश्न उघडाच राहतो. पाणी कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायला, लावलं होतं का, ते विचारा. त्याचा निकाल सहा ते आठ आठवड्यांनी येतो, तो आणायला विसरू नका. डिस्चार्ज झाल्यावर तो रिपोर्ट कपाटातच राहून जातो, असं फार वेळा होतं.

मामांना मी इतकंच सांगेन: खात्रीचा पुरावा हातात येईपर्यंत थांबण्याची चैन या आजारात परवडत नाही. उपचार न झालेला क्षयाचा मेंदूज्वर जवळजवळ नेहमीच जीव घेतो, आणि उशीर झालेल्यांत जे वाचतात त्यांतले कित्येक कान, डोळे, हातपाय किंवा बुद्धी गमावतात. पेशंट शुद्धीवर असताना औषध सुरू झालं तर निकाल खूपच चांगला असतो. तुमचा भाऊ बडबडू लागला त्या रात्री तुम्ही त्याला ॲडमिट केलं आणि निगेटिव्ह सीबीनॅटकडे पाहून डॉक्टर थांबले नाहीत, म्हणून आज तो घरी बसून गोळ्यांबद्दल कुरकुर करू शकतोय. स्टेरॉइडही उगाच नाही. व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं.

वर्षभर का, तर फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात, पण मेंदूभोवतीची तीच राखण औषधांनाही आडवी येते. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड चांगली आत जातात, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल हे चौथं औषध कमी. म्हणून इथे नऊ ते बारा महिने, आपल्याकडे बहुधा पूर्ण बारा. इथॅम्ब्युटॉल चालू असेल तोवर नजर धूसर वाटली किंवा लाल-हिरवा रंग नीट ओळखू येईनासा झाला तर लगेच सांगायचं.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, गोळ्या चालू ठेवून. त्या डॉक्टरांना मी असते तर दोन गोष्टी विचारल्या असत्या: एचआयव्हीची तपासणी झाली का, आणि पाण्यात क्रिप्टोकॉकसचं अँटिजन (त्या बुरशीचा अंश) पाहिलं का. कारण हा बुरशीचा मेंदूज्वर हुबेहूब असाच दिसतो, एडीएसकट, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं. एचआयव्हीची तपासणी टीबीच्या प्रत्येक पेशंटची करतातच, त्यात त्याच्या चारित्र्यावर शंका नसते, हे आईला समजावून सांगा. मधुमेहाचंही पाहून घ्या, स्टेरॉइडवर साखर चढते.

आईंच्या मनातली भीती मी महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यातून ऐकली आहे. पाणी काढायची सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. खाली नुसते मज्जातंतूंचे धागे पाण्यात तरंगत असतात. मोठ्या माणसात हे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं आणि रोज अर्धा लिटरभर नवं तयार होतं. काढलेले आठ-दहा मिलिलिटर तासाभरात भरून निघतात. काही दिवस कंबर ठणकणं किंवा उठून बसलं की डोकं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, हे होऊ शकतं, ते बरं होतं. पण ‘कंबर गेली’ म्हणजे नक्की काय, हे मला पत्रातून कळलं नाही. पायांत ताकद कमी झाली असेल, लघवी अडत असेल, पाय बधिर वाटत असतील, तर दोष सुईला देऊन घरी बसू नका. क्षयाची सूज मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत उतरू शकते आणि त्याचं वेगळं निदान करावं लागतं. आईंनी काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत डॉक्टरांपुढे सांगू द्या.

एडीए किती खाली आला म्हणजे बरा? असा आकडा नाही. औषध लागू पडतं तसा तो उतरतो, पण उपचार त्यावर मोजत नाहीत. ताप, डोकेदुखी, शुद्ध, वजन, चालणं, यावर मोजतात. माणूस सुधारत असेल तर निव्वळ एडीए पाहण्यासाठी पुन्हा पाणी काढायची गरज नाही. गोळ्या नियमित घेऊनही काही आठवड्यांनी तब्येत बिघडली तर मात्र दाखवावं लागतं. कधी औषधाने जंतू मरत असताना सूजच उलटी वाढते, कधी मेंदूत पाणी साठतं आणि ते काढायला नळी बसवावी लागते, कधी जंतू औषधाला दाद देत नसतो. तेव्हा स्कॅन आणि गरज पडली तर पुन्हा पाणी, हे सगळं रास्त ठरतं.

मुलीचं. मेंदूचा टीबी मेंदूतून कुणाला होत नाही, ताटा-वाटीतून, मिठी मारण्यातूनही नाही. पसरतो तो फुप्फुसातून, खोकल्यातून. भावाच्या छातीचा एक्स-रे झाला असेल तर बघा, नसेल तर करून घ्या. छाती स्वच्छ असेल तर त्याच्यापासून मुलीला धोका नाही. पण त्याला जंतू कुणाकडून तरी आलाच आहे, घरात किंवा त्याच्या वाळूजच्या खोलीवर. म्हणून घरातल्या सगळ्यांची, आणि खोलीतल्या जोडीदारांचीही, तपासणी करा; जुना खोकला असलेले आजोबा कोपऱ्यात असतील तर त्यांची आधी. मुलीला बीसीजी टोचली असेलच. ती लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीला फारसा आळा घालत नाही, पण लहानपणीच्या मेंदूच्या टीबीपासून चांगलं रक्षण करते. तरी मुलीचं वजन वाढत नसेल, ताप राहत असेल, तर भावाच्या आजाराचा उल्लेख करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि उपचार खासगी दवाखान्यात चालू असले तरी भावाची निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद झाली आहे का ते विचारा. २०१२ पासून प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे. नोंद असली की गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळू शकतात आणि आहारासाठी दर महिन्याचे पैसे खात्यात जमा होतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० झालेत. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत नंबर आहे. पण तो फोन उद्या केला तरी चालेल, डॉक्टरांचा आज.